मराठीतील सकारात्मक विचारसरणी

सकारात्मक विचारसरणी म्हणजे मनातील विचारांना जाणीवपूर्वक आशादायी वळण दिल्यास आरोग्य, यश व समाधान लाभते, ही धारणा आणि तीवर आधारलेली आचरणपद्धती होय. मराठीत ती भाषांतरित व स्वतंत्र पुस्तके, प्रवचने, शिबिरे आणि व्याख्याने यांतून रुजली. तिचे आधुनिक रूप पाश्चात्त्य असले, तरी मराठी वाचकाला ती परकी वाटली नाही.

उगम

अमेरिकेतील मेन राज्याचे घड्याळजी फिनिअस क्विम्बी (१८०२–१८६६) यांनी रोगाचे मूळ रुग्णाच्या समजुतीत असते, असे मत मांडले. त्यातून पुढे ‘नवविचार’ चळवळ उभी राहिली. फ्रान्समधील औषधविक्रेते एमिल कुए (१८५७–१९२६) यांनी आपण सुधारत आहोत, असे वाक्य रुग्णाकडून रोज पुनःपुन्हा म्हणवून घेण्याची ‘स्वयंसूचना’ पद्धती प्रचारात आणली. नेपोलियन हिल यांचे संपत्तीविषयक पुस्तक १९३७ साली, म्हणजे महामंदीने अमेरिकन समाज पोळलेला असताना आले. धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या १९५२ मधील पुस्तकाने या विचाराला आजचे नाव मिळवून दिले. राँडा बर्न यांचे २००६ मधील पुस्तक मराठीत ‘रहस्य’ या नावाने, तर शिव खेरा यांचे १९९८ मधील पुस्तक ‘यश तुमच्या हातात’ या नावाने आले.

मराठी पार्श्वभूमी

मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत मराठीत जुनी आहे. सतराव्या शतकातील समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ घरोघरी पाठ होते. संतांच्या अभंगांतही मन हा नित्याचा श्रोता आहे. त्यामुळे मनाला वळण लावा, हा नव्या पुस्तकांचा उपदेश ओळखीचा वाटला. हेतूतील फरक मात्र बहुधा नजरेआड झाला. संतांनी मनाला समजावले ते वासना आवरण्यासाठी. नवी पुस्तके त्याच मनाला इच्छा वाढवून तिची पूर्ती मागण्यास सांगतात.

या दोहोंमधील दुवा म्हणून वामनराव पै (१९२३–२०१२) यांच्या कार्याकडे पाहता येते. मुंबईत शासकीय नोकरी करीत त्यांनी नामस्मरणाच्या जोडीने, मनुष्यच स्वतःच्या जीवनाला आकार देतो, हा विचार प्रवचनांतून मांडला. जीवनविद्या मिशनमार्फत तो विशेषतः कामगार व मध्यमवर्गीय कुटुंबांत पोहोचला. भाषांतरांपेक्षा वेगळ्या, खेळकर शैलीत शिवराज गोर्ले यांनी ‘मजेत जगावं कसं?’ लिहिले. विश्वास नांगरे पाटील यांचे ‘मन में है विश्वास’ (२०१६) हे आत्मकथन असले, तरी स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी ते प्रेरणापर पुस्तक म्हणूनच वाचतात.

विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) ‘ग्रामगीते’ने मात्र निराळी दिशा दाखविली. तीतही प्रयत्नवाद आहे. परंतु उन्नतीचे एकक एकटी व्यक्ती नसून सबंध गाव आहे.

आकर्षणाची कारणे

ज्याच्या हाती परिस्थिती नसते, त्याला निदान मन तरी आपल्या हाती आहे, हा दिलासा मोठा असतो. पवनी तालुक्यातील आसगावसारख्या धानाच्या पट्ट्यातील गावात वर्षाचे उत्पन्न पाऊस, तुडतुड्यासारखी कीड आणि बाजारभाव यांवर ठरते. शेतीबाहेर पडू पाहणाऱ्या तरुणासमोर भरतीच्या जागा थोड्या आणि उमेदवार फार, असे गणित असते. अशा वेळी दोन-तीनशे रुपयांचे पुस्तक उद्या पहाटे उठण्याचे बळ देत असेल, तर त्याला केवळ भाबडेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय त्याची भाषा सोपी, प्रकरणे लहान आणि आरंभ ताबडतोब करता येण्याजोगा असतो.

याच सामर्थ्यात दोषाचे बीज आहे. यश विचारांमुळे मिळते असे मानले, की अपयशही विचारांमुळेच आले, असा निष्कर्ष निघतो. मग कमी जागा, बुडालेले पीक वा लांबलेला निकाल बाजूला राहतो आणि उमेदवार स्वतःलाच अपराधी ठरवतो. अमेरिकन लेखिका बार्बरा एरेनराइख यांनी २००९ मधील आपल्या पुस्तकात याच मुद्द्यावर टीका केली. स्वतः कर्करोगाच्या रुग्ण असताना सतत आनंदी राहण्याच्या आग्रहाचा त्यांना आलेला अनुभव त्यामागे होता.

संशोधन

मानसशास्त्रीय संशोधनाचा कौल सरसकट अनुकूल वा प्रतिकूल नाही. गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या १९९१ मधील अभ्यासात, वजन घटेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्या स्त्रियांचे वजन अधिक घटले. सडपातळ झाल्याच्या सुखद कल्पनाचित्रांत रमणाऱ्यांचे मात्र कमी घटले. अपेक्षा आणि दिवास्वप्न यांतील हा भेद लोकप्रिय पुस्तकांत क्वचितच आढळतो. जोआन वूड व सहकाऱ्यांना २००९ साली असे दिसले, की स्वतःविषयी गौरवाची वाक्ये घोकल्याने मुळात आत्मसन्मान कमी असलेल्यांना अधिकच वाईट वाटते. ज्यांना आधाराची गरज, त्यांनाच तो अपायकारक ठरावा, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

विवेकनिष्ठ पर्याय

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीत विचार गोड करण्याऐवजी तपासून घेण्यावर भर आहे. ‘मी उत्तीर्ण होणारच’ हे वाक्य तिच्या दृष्टीने ‘मी कधीच उत्तीर्ण होणार नाही’ याइतकेच निराधार असू शकते. ‘उत्तीर्ण व्हावे अशी माझी तीव्र इच्छा आहे, न झाल्यास दुःख होईल, पण मी कुचकामी ठरणार नाही’ हे वाक्य तपासणीत टिकते. एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार असलेले कि. मो. फडके यांनी ही पद्धती महाराष्ट्रात रुजविली. ठाण्यातील मानसिक आरोग्य संस्थेचे संस्थापक आनंद नाडकर्णी यांनीही ती लेखन व कार्यशाळांतून सर्वसामान्यांपर्यंत नेली.

नैराश्य व उपचार

नैराश्य हा आजार असल्याने त्यात केवळ ‘चांगला विचार कर’ हा सल्ला अपुरा पडतो आणि त्यापायी उपचारास विलंबही होऊ शकतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या आरंभी नैराश्यग्रस्तांपैकी अवघ्या ४.३ टक्के व्यक्तींनी मदत घेतल्याचे आढळले होते. गावातील कार्यकर्ते, समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ यांची साखळी उभारल्यानंतर १८ महिन्यांत हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क समुपदेशन मिळते.