बोटीवरचा करार आणि एकविसावं कलम

मी राहतो जर्मनीत, आखेनला. शनिवारी भाजीला बसनं जातो नेदरलँड्समधल्या वाल्सला. खिशात भारतीय पासपोर्ट आणि जर्मन निवास-परवान्याचं कार्ड. सहसा कुणी मागत नाही.

या मोकळीकीमागे ट्रकचालकांचा संताप आहे. फेब्रुवारी 1984मध्ये जकात नाक्यांवरच्या खोळंब्याला वैतागून त्यांनी फ्रान्समधले रस्ते अडवले. जुलैत फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीनं आपसातली तपासणी सैल करायचं ठरवलं. 14 जून 1985 रोजी लक्झेंबर्गच्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीत, ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ या बोटीवर पाच देशांनी शेंगेन करारावर सह्या केल्या.

सगळे त्या बोटीचं कौतुक करतात. माझ्या लेखी खरा कागद 1990चा, तो करार अमलात आणण्यासाठी केलेला. त्याच्या एकविसाव्या कलमानं आमच्यासारख्या परक्यांची सोय केली: एका देशाचा परवाना असेल तर बाकीच्यांत तीन महिने बिनव्हिसा फिरा. 26 मार्च 1995ला सात देशांत तो प्रत्यक्षात आला. आज मुदत 180 दिवसांत 90 दिवस. नोकरीची मुभा नाही.

कार्डासोबत पासपोर्टही ठेवा. आयर्लंड या व्यवस्थेत नाही. तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो.