किती खर्च झाला, आणि निकाल काय लागला?

आजचा विषय वरवर पाहता रुक्ष आहे. सरकार खटले चालवतं. त्यासाठी वकील नेमतं, त्यांची फी भरतं, साक्षीदारांचा भत्ता देतं, कागदांचे गठ्ठे छापतं. मग कुणीतरी उभं राहून विचारतं, यावर खर्च किती झाला? आणि निकाल काय लागला? हे दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला कसा मिळाला आणि त्यांना उत्तरं कशी मिळत गेली, एवढंच आज पाहायचं आहे. आम्ही इतिहासकार असल्याचा दावा करत नाही. आमचं शास्त्र तत्त्वज्ञानाचं. पण उत्तर कशाला म्हणावं, हा त्या शास्त्राचा फार जुना उद्योग आहे, म्हणून या विषयाला हात घालण्याचं धाडस करतो.

सुरुवात प्रश्न विचारण्यापासूनच करू. १८६१ च्या कायद्यानं हिंदुस्थानात कायदेमंडळं वाढवली, पण सभासदांनी समोर आलेल्या विधेयकावर बोलावं, एवढीच त्यांची कामगिरी. सरकारला जाब विचारायची सोय नव्हती. ती १८९२ च्या कायद्यानं आली. अंदाजपत्रकावर चर्चा करता येऊ लागली, नियमांच्या चौकटीत प्रश्न विचारता येऊ लागले. मतदान मात्र नाही, आणि पूरक प्रश्नही नाही. म्हणजे एकदा विचारायचं, मिळेल ते उत्तर घ्यायचं आणि खाली बसायचं. १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्नाची मुभा मिळाली आणि माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर ती इतर सभासदांनाही मिळाली. पूरक प्रश्न ही बारीकशी गोष्ट वाटते. पण पहिलं उत्तर तयार करून आणलेलं असतं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना माणसाला विचार करावा लागतो. ज्यांनी प्लेटोचे संवाद वाचले असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या अपुऱ्या अधिकाराचंही काय करता येतं, ते गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात दाखवलं. त्यांनी सरकारचेच आकडे घेतले आणि सरकारच्याच पुढ्यात ठेवले. शिल्लक आहे म्हणता ना, मग ती रयतेवरच्या जादा कराची आहे, हे त्याच आकड्यांतून सिद्ध केलं. आकडा सरकारचा असला, तरी त्याचा अर्थ लावणं ही सरकारची मक्तेदारी नाही, हा धडा तिथे मिळाला.

आता एका खटल्याकडे येऊ. २० मार्च १९२९ रोजी मुंबई, कलकत्ता आणि इतर ठिकाणी छापे पडले आणि कामगार चळवळीतल्या पुढाऱ्यांना अटक झाली. हाच मेरठ कट खटला. आरोप होता बादशहाचं हिंदुस्थानावरचं सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट केल्याचा. आरोपींत आपल्याकडची माणसं पुष्कळ होती: डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी, पुण्याचे थेंगडी, आणि १९२८ च्या मोठ्या संपातून पुढे आलेल्या गिरणी कामगार युनियनचे आळवे आणि कासले. खटला मुंबईत चालला असता तर ज्यूरी बसली असती. मेरठला ज्यूरी नव्हती, असेसर होते आणि त्यांचं मत न्यायाधीशावर बंधनकारक नव्हतं. सरकारची बाजू मांडायला कलकत्त्याहून लँगफर्ड जेम्स हे बॅरिस्टर आणले गेले.

या खटल्याबद्दल इथल्या मध्यवर्ती कायदेमंडळात प्रश्न आले, तसेच लंडनच्या पार्लमेंटातही आले. पण खर्च फक्त रुपयांत मोजायचा नसतो. महिन्यांतही मोजायचा असतो, आणि तो हिशेब पुढे अलाहाबाद हायकोर्टानं आपल्या निकालपत्रात मांडून ठेवला आहे. मॅजिस्ट्रेटपुढची प्राथमिक चौकशी सात महिन्यांहून अधिक. सत्र न्यायालयात सरकारी पुरावा तेरा महिन्यांहून अधिक. आरोपींचे जबाब दहा महिन्यांहून अधिक. बचावाचा पुरावा सुमारे दोन महिने. वकिलांची भाषणं साडेचार महिन्यांहून अधिक. आणि निकाल लिहायला न्यायाधीशांना पाच महिन्यांहून अधिक. पुराव्याचे २५ छापील खंड, साडेतीन हजारांवर सरकारी कागद, दीड हजारांवर बचावाचे कागद, ३२० साक्षीदार आणि ६७६ पानांचं निकालपत्र. सगळा दोष सरकारी बाजूवर टाकणं न्यायाचं होणार नाही. आपलं तत्त्वज्ञान जगापुढे मांडायची संधी म्हणून आरोपींनीही न्यायालयाचा उपयोग केला. पण बाहेर राहून दहा महिने बोलणं वेगळं आणि कोठडीत राहून बोलणं वेगळं.

१६ जानेवारी १९३३ ला निकाल लागला. सत्र न्यायालयापुढे ३१ आरोपी होते. थेंगडी निकालाआधीच वारले. तिघे सुटले. २७ जण दोषी ठरले. मुझफ्फर अहमदांना जन्मठेप काळं पाणी, डांग्यांना बारा वर्षं. अपील अलाहाबादला गेलं. मुख्य न्यायमूर्ती सुलेमान आणि न्यायमूर्ती यंग यांनी आठ दिवसांच्या कामकाजात ते ऐकून संपवलं आणि ३ ऑगस्ट १९३३ ला निकाल दिला. नऊ जण निर्दोष सुटले, त्यांत आळवे आणि कासलेही होते. मुझफ्फर अहमद आणि डांगे यांची शिक्षा तीन वर्षांवर आली.

आता कल्पना करा, त्या वेळी कुणी सरकारला विचारलं असतं की खटल्यात यश किती? जानेवारीत उत्तर आलं असतं, तीसपैकी सत्तावीस, म्हणजे ९० टक्के. ऑगस्टमध्ये आलं असतं, तीसपैकी अठरा, म्हणजे ६० टक्के. आरोपी तेच, कागद तेच. दोन्ही उत्तरं त्या त्या दिवशी खरीच. आणि आळवे-कासल्यांची चार वर्षं यांतल्या एकाही टक्क्यात दिसत नाहीत.

हा प्रकार फक्त इंग्रजांच्या राज्यातला असता, तर आम्ही तो आज सांगितला नसता. मनी लाँडरिंगविरोधी कायदा १ जुलै २००५ पासून अमलात आला. जुलै २०२२ मध्ये अर्थ मंत्रालयानं लोकसभेत उत्तर दिलं की मार्च २०२२ अखेर या कायद्याखाली ५,४२२ प्रकरणं नोंदली गेली, ९९२ मध्ये न्यायालयात तक्रार दाखल झाली आणि २३ आरोपींना दोषी ठरवण्यात आलं. पुढच्या वर्षी सक्तवसुली संचालनालयानं जानेवारी २०२३ पर्यंतची आकडेवारी जाहीर केली: २५ प्रकरणांचा खटला पूर्ण झाला, त्यांपैकी २४ मध्ये दोषसिद्धी, म्हणजे ९६ टक्के. एकानं म्हणावं अर्धा टक्कासुद्धा नाही, दुसऱ्यानं म्हणावं ९६ टक्के. भांडण अंशावर नाही, छेदावर आहे. छेदात नोंदलेली प्रकरणं घ्यायची, न्यायालयात गेलेली, की निकाल लागलेली? पोलिसांच्या राष्ट्रीय आकडेवारीतही दोषसिद्धीचं प्रमाण निकाल लागलेल्या खटल्यांवरच काढतात. ती पद्धत चुकीची नाही. पण तिच्यात वाट पाहणारा माणूस मोजला जात नाही.

हे झालं निकालाचं. खर्चाचं काय? बोफोर्सचं उदाहरण घ्या. ३१ मे २००५ ला दिल्ली हायकोर्टाचे न्यायमूर्ती सोढी यांनी हिंदुजा बंधूंवरचे आरोप रद्द केले आणि चौदा वर्षं चाललेल्या तपासाबद्दल नापसंती नोंदवली. या तपासावर सरकारी तिजोरीतून सुमारे २५० कोटी रुपये गेल्याचं आपल्याला समजतं, असं त्यांनी लिहिलं. ‘समजतं’ हा शब्द लक्षात घ्या. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनाही खर्चाचा आकडा ऐकीव म्हणून लिहावा लागला. मार्च २०११ मध्ये क्वात्रोकी यांच्यावरचा खटला मागे घेण्यास परवानगी देताना दिल्लीच्या न्यायालयानं तोच आकडा पुन्हा वापरला आणि ६४ कोटींच्या कथित दलालीसाठी २५० कोटी खर्च झाल्याकडे बोट दाखवलं. ऐकीव आकडा असा हळूहळू इतिहास होतो.

असं का होतं? महाराष्ट्राचंच पाहा. सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलाची नेमणूक विधी व न्याय विभाग करतो. मॅजिस्ट्रेट कोर्टातले सहायक सरकारी वकील अभियोग संचालनालयाचे, म्हणजे गृह विभागाचे. तपास पोलिसांचा. निकालाची नोंद न्यायालयात. एका खटल्याचा खर्च आणि फळ एकाच पानावर लिहिणं, हे यांतल्या कुठल्याच टेबलावरचं नेमून दिलेलं काम नाही. आपल्या विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नांची भाषा तुम्ही वाचली असेलच. हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? आणि खाली उत्तर: हे अंशतः खरे आहे. माहिती गोळा करण्यात येत आहे. शेवटी, प्रश्न उद्भवत नाही. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, पण इतकं सोयीचं वाक्य कुठल्या ग्रंथात आढळलं नाही.

माहितीच्या अधिकारानं हे बदलेल असं वाटलं होतं, आणि पुष्कळ बदललंही. महाराष्ट्रानं केंद्राच्या आधी कायदा केला, २००५ मध्ये देशाचा कायदा आला. पण ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केलं की कार्यालयाकडे जी माहिती नाही आणि जी ठेवण्याचं बंधनही नाही, ती तयार करून द्यायला त्याला भाग पाडता येत नाही. कायद्याच्या दृष्टीनं हे बरोबर आहे. पण परिणाम असा की ज्यानं हिशेब ठेवला, तो उत्तर द्यायला बांधलेला. ज्यानं ठेवलाच नाही, तो मोकळा.

म्हणून आमचं म्हणणं असं, की दीडशे वर्षांत आपण विचारण्याचा हक्क कमावला, पण हिशेब ठेवण्याचं कर्तव्य अजून कुणाच्या गळ्यात बांधलेलं नाही. एक प्रयत्न झाला. जानेवारी २०१४ मध्ये गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे सहा वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराचं आणि खुनाचं प्रकरण होतं. तपासातल्या चुकांमुळे आरोपीला सोडावं लागलं. तेव्हा न्यायालयानं प्रत्येक राज्याच्या गृह विभागाला सांगितलं की निर्दोष सुटकेचा प्रत्येक निकाल तपासा, खटला का पडला याची कारणं नोंदवा, त्यासाठी पोलीस आणि अभियोग विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची स्थायी समिती नेमा, आणि जबाबदार अधिकाऱ्यावर कारवाई करा. कारण खटला पडतो तेव्हा दोनपैकी एक घडलेलं असतं: निर्दोष माणूस भरडला गेला, किंवा दोषी माणूस सुटला. दोन्ही प्रसंगी कुणाच्या तरी दारात अन्याय उभा असतो, आणि टक्केवारीत दोघांची नोंद एकाच रकान्यात होते.

‘किती’ आणि ‘काय’ या दोन प्रश्नांना म्हणूनच तिसरा जोडावा लागतो: ‘का’. माहिती अधिकाराच्या कायद्यात याची एक सुंदर मांडणी आहे. नागरिकानं माहिती मागताना कारण देण्याची गरज नाही. उलट सरकारी कार्यालयानं आपल्या निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला दिली पाहिजेत. कुणी कुणाला ‘का’ विचारायचं, याचा क्रम कायद्यानं ठरवून दिला आहे.

तुमच्यापैकी कुणी अर्ज करणार असाल, तर एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. ‘दोषसिद्धीचं प्रमाण किती’ असं विचारू नका, टक्का तयार करून मिळेल. कोणती नोंदवही ठेवली जाते ते विचारा. मग ती पाहायला मागा. कागदपत्रांची पाहणी करण्याचा अधिकार त्याच कायद्यात आहे. किशनभाई निकालानुसार आपल्या राज्यात कोणती समिती नेमली आणि तिच्या बैठकांची इतिवृत्तं कुठे आहेत, ते विचारा. वही असेल तर तीसपैकी सत्तावीस कोण आणि अठरा कोण, हे तुम्ही स्वतः मोजाल. वही नसेल, तर ‘नाही’ असं लेखी मिळवा. तेही एक उत्तर आहे, आणि पुढचा प्रश्न तिथूनच उद्भवतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ. पूरक प्रश्नांनाही मुभा आहे.