मॅगसल्फची कुळकथा

गरोदरपणात रक्तदाब १६०/११०वर गेला, डोकं फुटेल असं दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीच्या खाली कळ आली, तर पुढे झटके येऊ शकतात. पायांवरची सूज घरात सगळ्यांना दिसते. ही लक्षणं मात्र ‘पित्त झालं असेल’ म्हणून अंगावर काढली जातात. त्यात आई जाते, बाळही जातं.

झटके आले की लेबर रूममध्ये पहिली हाक मॅगसल्फची. मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या झऱ्याचं कडू मीठ. सतराव्या शतकात लोक ते पोट साफ व्हावं म्हणून घेत. १९०६ साली जर्मनीत हॉर्न यांनी या झटक्यांवर ते मणक्यातून टोचलं. १९२५च्या सुमाराला अमेरिकेत ते शिरेतून देऊ लागले. पुढे डलासच्या प्रिचर्ड यांनी मात्रा बसवली : सुरुवातीला १४ ग्रॅम, मग दर चार तासांनी ५. १९८४ साली त्यांनी २४५ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांत दगावली एकच.

आपल्याकडे मात्र बरीच वर्षं डॉ. कृष्णा मेनन यांचं १९६१चं गुंगीच्या औषधांचं मिश्रण चाले. १९९५च्या आंतरराष्ट्रीय चाचणीने कोणतं औषध बरं हा वाद मिटवला : १,६८७ स्त्रियांमध्ये डायझेपाम आणि फेनिटॉइन या झटक्यांवरच्या दोन्ही औषधांपेक्षा मॅगसल्फ सरस ठरलं.

पण डलासची मात्रा आपल्या किरकोळ अंगाच्या बायकांना झेपेल का? हा प्रश्न सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी विचारला आणि २००३ साली कमी मात्रेची पद्धत मांडली. जागतिक आरोग्य संघटना आजही पूर्ण मात्राच सांगते. तरी रुग्ण समोर ठेवून मात्रा ठरवण्याचा तो आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

कारण मात्रा वाढली तर श्वास थांबू शकतो. म्हणून पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का पाहतात, श्वास मोजतात, लघवी मोजतात. कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन हाताशी ठेवतात. मॅगसल्फ झटके आवरतं, रक्तदाब उतरवत नाही. रक्तदाबाला लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन, आणि खरा इलाज प्रसूती.

झाशीच्या लक्ष्मी गेटची गल्ली असो की सोलापूरची विडी घरकुल वसाहत, मोठं रुग्णालय गाठेपर्यंतचा वेळ धोक्याचा. त्यासाठी सरकारी सूचनांनी एएनएम सिस्टरलाही पहिल्या डोसची मुभा दिली आहे : दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, आणि लगेच गाडी.