उंच टाच कोणासाठी होती?

लग्नसराई संपली की माझ्याकडे पाऊल, घोटा, गुडघा दुखणाऱ्या बायकांची गर्दी वाढते. यंदा पोलादपूरकडच्या, साठीला टेकलेल्या एक बाई लंगडत आल्या. मुंबईच्या सुनेने हौसेने उंच टाचेची सँडल आणली होती. हॉलच्या फरशीवर सगळे ठीक होते, बाहेरच्या उतारावर मात्र पाय मुरगळला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत होते. मी म्हटले, "ही टाच मुळात बायकांसाठी नव्हतीच, आणि चालण्यासाठी तर अजिबात नव्हती." त्यांना ती थट्टा वाटली. तुम्हालाही वाटेल, म्हणून जरा मागे जाऊ.

उंच टाच वापरत ते इराणचे घोडेस्वार. रिकिबीत उभे राहून बाण मारताना पाय निसटू नये, म्हणून बुटाला टाच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इराणचे वकील युरोपात गेले आणि तिथल्या सरदारांनी ही फॅशन उचलली. उंच टाच घालून शेतात राबता येत नाही. 'मला राबावे लागत नाही' हे न बोलता सांगण्याची ती सोय होती.

१६७४ साली इथे रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या काळात फ्रान्समध्ये चौदावा लुई राज्य करत होता. त्याच्या दरबारात लाल टाच ही मानाची खूण होती. १७०१ सालचे त्याचे एक प्रसिद्ध चित्र आहे. वय साठीच्या पुढे, रेशमी मोजे, लाल टाचांचे बूट, पाय ऐटीत पुढे. प्रत्यक्षात या राजाला गाउटचा जुना त्रास होता आणि उतारवयात तो बागेत चाकाच्या खुर्चीतून फिरे. ऑगस्ट १७१५ मध्ये त्याचा पाय दुखू लागला. राजवैद्यांनी सायटिका म्हटले. मग पायावर काळे डाग दिसले, गँगरीन चढत गेले आणि १ सप्टेंबरला तो वारला. हे टाचेमुळे झाले असे मी म्हणत नाही. पण म्हातारपणी पाय दुखून काळा-निळा पडू लागला तर 'शीर आखडली असेल' म्हणून घरी बसू नका, एवढे या गोष्टीतून जरूर घ्या.

पुढे अठराव्या शतकात पुरुषांनी टाच सोडली, ती बायकांच्या पायात राहिली. १७८१ मध्ये पेट्रस कांपर या डच डॉक्टरने चांगला बूट कसा असावा यावर निबंध लिहिला. घोड्यांच्या खुरांची माणसांनी जेवढी काळजी घेतली तेवढी स्वतःच्या पावलांची घेतली नाही, अशी त्याची तक्रार होती. उंच टाचेने शरीराचा तोल पुढे जातो हेही त्याने सांगितले. फारसे कोणी ऐकले नाही. १९५० च्या दशकात टाचेत पोलादी दांडी घालण्याची युक्ती निघाली आणि पेन्सिलीएवढी बारीक टाच बाजारात आली.

आपल्याकडचे पायताण सपाटच. ज्यांना ते मिळाले त्यांचे, म्हणा. गावोगाव कोणी पायात काय घालायचे आणि कोणाच्या आळीतून जाताना ते हातात घ्यायचे, हे जात ठरवत असे. डिसेंबर १९२७ च्या महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने बदलायला सांगितले, कारण पेहराव पाहूनच माणसाची पायरी ठरवली जात होती. त्यामुळे जिची आई जन्मभर अनवाणी भातलावणी करत राहिली, तिने लेकीच्या लग्नात उंच सँडल घातली तर मला हसू येत नाही. तो तिचा मान आहे. माझे भांडण फक्त तिच्या पावलाच्या वतीने आहे.

वय वाढते तशी तळव्याखालची चरबीची गादी पातळ होते आणि पाऊल रुंदावते. टाच उंच असली की वजन बोटांच्या मुळाशी येते, अंगठ्याचे हाड बाहेर येऊ लागते, गुडघ्यावर ताण वाढतो. पाळी गेल्यावर हाडे ठिसूळ होत जातात. तेव्हा तोल गेला तर मनगट किंवा खुबा मोडतो, आणि खुब्याचे ऑपरेशन म्हणजे घरच्यांचे महिनोन् महिने.

म्हणून झिजलेली रबरी स्लिपर घाला असेही नाही. ती टिकवायला बोटे सतत आवळावी लागतात, आणि आपल्या पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांवर ती उंच सँडलइतकीच दगा देते. मागे पट्टा, पुढे बोटांना जागा, तळ घसरणार नाही असा आणि टाच रुंद, इंचाच्या आत, एवढे बघा. चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाऊल थोडे सुजलेले असते. वर्षानुवर्षे उंच टाच घातली असेल तर एकदम सपाटावर येऊ नका. पोटरी आखडलेली असते, टाचेची शीर ओढली जाते. हळूहळू उंची कमी करा आणि रोज भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा.

त्या बाईंना मी सँडल टाकून द्यायला सांगितले नाही. स्टेजवर फोटोपुरती घाला, पिशवीत पट्ट्याची चप्पल ठेवा, उतार आला की बदला. पण मग त्यांनी सहज सांगितले की साखर दहा वर्षांपासून आहे. मी तळव्याला कापूस लावून पाहिला, डोळे मिटून त्यांना तो कळला नाही. तेव्हा मात्र फोटोपुरतीसुद्धा नको म्हणालो.