नृसिंहवाडीतला 'नृसिंह' कोण? एका देवाच्या नावाची गोष्ट

नृसिंहवाडी म्हटलं की अनेकांना खांब फोडून बाहेर आलेला, हिरण्यकशिपूला मारणारा नृसिंह आठवतो. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगा संगमावर असलेल्या या गावाच्या मुख्य मंदिरात सिंहमुखी मूर्ती नाही. तिथे पूजा होते ती पादुकांची. मग गावाच्या नावातला नृसिंह कोण?

नावाचा अर्थ

'नृ' आणि 'नर' म्हणजे माणूस. त्यावरून नृसिंह आणि नरसिंह. 'हरी' या शब्दाचा एक अर्थ सिंह असाही आहे, त्यामुळे नरहरी हेही त्याच देवाचं नाव. पंढरपूरचे संत नरहरी सोनार यांचं नाव यातूनच आलेलं. विठ्ठलाचा विठोबा झाला, तसा नरसिंहाचा नरसोबा झाला. म्हणून नरसोबाची वाडी, नरसोबावाडी आणि नृसिंहवाडी ही एकाच गावाची नावं आहेत.

देवाकडून माणसाकडे

गावाला नाव मिळालं ते श्री नृसिंहसरस्वती यांच्यावरून. दत्त संप्रदायात त्यांना दत्तात्रेयांचा अवतार मानतात. परंपरेनुसार त्यांचा जन्म १३७८ च्या सुमारास विदर्भातल्या कारंजा इथे झाला. बाळाचं नाव नरहरी ठेवलं. पुढे काशीला कृष्णसरस्वतींकडून संन्यास घेतल्यावर ते नृसिंहसरस्वती झाले. म्हणजे घरचं नाव सुटलं, तरी देवाचं नाव तेच राहिलं.

औदुंबर इथे चातुर्मास करून ते कृष्णाकाठी या संगमावर आले. इथे त्यांचं बारा वर्षं वास्तव्य होतं आणि पुढे ते गाणगापूरला गेले, असं परंपरा सांगते. औदुंबरला विमल, वाडीला मनोहर आणि गाणगापूरला निर्गुण पादुका आहेत.

मराठी साहित्यात

हे नाव घरोघरी पोचलं ते सरस्वती गंगाधर यांच्या ओवीबद्ध 'गुरुचरित्रा'मुळे. सिद्ध आणि नामधारक यांच्या संवादातून त्यात नृसिंहसरस्वतींचं चरित्र उलगडतं. त्यातलं अमरापूर म्हणजे वाडीच्या पैलतीरावरचं आजचं औरवाड, असं मानलं जातं.

अठराव्या अध्यायात तिथल्या एका गरीब ब्राह्मणाची कथा येते. घरात धान्य नाही, म्हणून तो गुरूंना घेवड्याच्या शेंगांची भिक्षा वाढतो. जाताना गुरू तो घेवड्याचा वेलच तोडून टाकतात. बायको रडू लागते. पण मूळ खणताना द्रव्याने भरलेला कुंभ सापडतो. इथला नृसिंह नखांनी शत्रू फाडत नाही, तो भक्ताचं दारिद्र्य मुळापासून उपटतो. नाव उग्र देवाचं असलं, तरी वाडीच्या भक्ताच्या मनात करुणामूर्तीच का उभी राहते, ते या कथेतून कळतं.

पुढे वासुदेवानंदसरस्वती म्हणजेच टेंबे स्वामी (१८५४–१९१४) यांचं वाडीशी घट्ट नातं जुळलं. त्यांची 'करुणात्रिपदी' आजही दत्तस्थानांत म्हटली जाते.

मग सिंहमुखी नृसिंह कुठे भेटतो?

पुणे जिल्ह्यात नीरा-भीमा संगमावर नीरा नरसिंहपूर आहे, सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी कोळे नरसिंहपूर. ही नृसिंह अवताराची क्षेत्रं. श्रावणात घराघरांत लावल्या जाणाऱ्या जिवतीच्या कागदावरही हाच नृसिंह असतो.

शुभेच्छा पाठवताना

- नृसिंह जयंती: वैशाख शुद्ध चतुर्दशी. अवताराची.
- नृसिंहसरस्वती जयंती: पौष शुद्ध द्वितीया. वाडीच्या महाराजांची.
- दत्त जयंती: मार्गशीर्ष पौर्णिमा.

नाव एकच दिसलं, तरी पहिल्या दिवशी सिंहमुखी देवाचं चित्र शोभतं आणि दुसऱ्या दिवशी दंड-कमंडलू घेतलेल्या संन्याशाचं. वाडीचा फोटो पुढे पाठवण्याआधी एवढं पाहिलं, तरी पुरे.