फ्रेड फॉस्टर

फ्रेड फॉस्टर (१९३१–२०१९) : अमेरिकी कंट्री व पॉप संगीताचे निर्माते. १९५८मध्ये त्यांनी ‘मॉन्युमेंट’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. नाव वॉशिंग्टनच्या उंच स्मारकावरून घेतलेले. गायक रॉय ऑर्बिसनचा मृदू आवाज वाद्यांच्या गदारोळात बुडू लागला, तेव्हा नॅशव्हिलच्या स्टुडिओत कोट टांगलेला स्टँड आणून त्याच्या आडोशाला फॉस्टर यांनी गायकाला उभे केले. आवाज सुटा, स्वच्छ मिळाला. निर्मात्याचा कान म्हणतात तो हाच. गायिका डॉली पार्टनलाही त्यांनी ती नवखी असतानाच करारबद्ध केले. ‘मी अँड बॉबी मॅकगी’ या गाण्याचे शीर्षक त्यांनीच गीतकार क्रिस क्रिस्टॉफर्सनला सुचवले. क्रिस्टॉफर्सनने त्यातले आडनाव चुकीचे ऐकले आणि तेच कायम झाले. ऐंशीच्या दशकात कंपनी बुडाली, तरी २००७मध्ये विली नेल्सन, मर्ल हॅगर्ड आणि रे प्राइस यांचा एकत्रित अल्बम फॉस्टर यांनीच केला.