अंतरात्म्याचा कौल आणि चवदार तळे

‘मनाला आतून पटते तेच नैतिक सत्य, त्याला पुरावा कशाला?’ असे म्हणणारे आपल्या चळवळीतही भेटतात. कामथडीहून भोरमार्गे वरंध घाट उतरला की महाड लागते. या दाव्याची परीक्षा तिथे कधीच होऊन गेली आहे.

१९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये त्याला मान्यता दिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. मग अफवा उठली, परिषदेला आलेल्यांवर लाठ्या पडल्या आणि शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे ‘शुद्ध’ केले गेले.

हे करणारे सगळे ढोंगी होते का? नाही. जनावरे पीत होती त्या पाण्याला माणसाचा हात लागला, याची त्यांना खरोखर किळस आली. त्यांचा अंतरात्मा स्वच्छ बोलत होता, पण त्याला बोलायला जातीने शिकवले होते. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणात हेच दाखवले: लोक दुष्ट आहेत म्हणून जात पाळत नाहीत, धर्मनिष्ठ आहेत म्हणून पाळतात. मनुस्मृतीसुद्धा मनाच्या समाधानाला धर्माचे एक प्रमाण मानते, आणि तर्काने श्रुती-स्मृती नाकारणाऱ्याला मात्र बहिष्कृत करते!

कोणी म्हणेल, महाडला आपल्या लोकांना आलेली चीडही अंतःप्रेरणाच होती. होय, पण आपण चिडीवर थांबलो नाही. परिषद भरवली, ठराव केले, कारणे सांगितली, कोर्टात लढलो. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला, कारण सवर्णांना ती ‘अनादी’ रूढी सिद्ध करता आली नाही. पुरावा मागताच आतला आवाज गप्प झाला.

म्हणजे नैतिक सत्य नसतेच असे नाही. माणसाला पाणी नाकारणे तेव्हाही अन्याय होता, कोणाला तसे वाटो वा न वाटो. बुद्धांनी कालामांना सांगितले ते हेच: परंपरा, ग्रंथ, गुरू यांच्या भरवशावर राहू नका, कृतीतून कोणाचे हित आणि कोणाचे अहित होते ते तपासा. भावना प्रश्न उभा करते, उत्तर विवेकाने द्यायचे असते.

म्हणून मित्रांनो, पोटजातीबाहेरचे स्थळ आले आणि घरात कोणी ‘मनाला पटत नाही’ म्हणाले, तर विचारा: हे मन घडवले कोणी?

जय भीम!